भरल्या गाडीची तार

पिकअप गाडी पुढे सरकली ती फार तर वीतभर. परंतु तेवढ्या वितीने एका कुटुंबातील तीन माणसांचे चालते काम बंद पाडले, आणि त्यांपैकी एकाच्या मनाचे स्वास्थ्य पार हरपले.

टोमॅटोचा हंगाम तेव्हा ऐन भरात होता. टेकडीच्या उतारावर निवडणीची मोठी पत्र्याची शेड होती. शेडपुढे दगडी ओटा, ओट्याला लागून कमरेइतकी खोल नाली, आणि नालीच्या पलीकडून थेट रस्त्यापर्यंत खडीचा उतार. नालीमुळे गाडी ओट्याला चिकटवून लावता येत नसे. म्हणून गाड्या ओट्याकडे पाठ आणि उताराकडे तोंड करून उभ्या राहत, ओटा आणि गाडीचा हौदा यांच्यामध्ये एक जाड फळी टाकली जाई, आणि आठ हमाल बायका डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भरलेला क्रेट अशा त्या फळीवरून ये-जा करीत. या आठ जणींमध्ये दोन त्या गाडीवाल्याच्याच घरातल्या होत्या. एक त्याची बायको, आणि दुसरी त्याच्या काही वर्षांपूर्वी वारलेल्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे त्याची वहिनी.

गाडीच्या हँडब्रेकची तार उन्हाळ्यातच तुटली होती. तेव्हापासून तो गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून इंजिन बंद करी आणि तेवढ्यावर भागवी. परंतु इंजिन म्हातारे, अंगातली रग गेलेले. हौद्यात वजन पडू लागले की गिअरमध्ये असूनही गाडी मुंगीच्या पावलाने सुटत जाई.

त्या दिवशी तो फळीशेजारीच उभा होता. निम्मा हौदा भरत आला तेव्हा फळीचे टोक हौद्याच्या पत्र्यावरून बोटभर मागे आलेले त्याने पाहिले. अगदी स्पष्ट पाहिले. आता थोडेच राहिले आहे, तेवढ्यात काय होते, असे मनाशी म्हणून त्याने नजर दुसरीकडे वळविली. त्यानंतर थोड्याच वेळात फळी सुटली आणि वहिनी क्रेटसह नालीत पडली. तिच्या पावलाची दोन हाडे मोडली. आपण पाहिले होते ही गोष्ट त्याने कोणाजवळही काढली नव्हती, आणि काढण्याचे धैर्यही त्याच्या ठायी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीप्रमाणे गाडी लावून उभा राहिला. चाकांपुढे त्याने दोन मोठे दगड ठेवले होते. परंतु फळीवर कोणीही पाऊल टाकीना. बायका ओट्यावर रांगेने उभ्या, चुंबळी हातात. सगळ्यांत पुढे काकी. ही काकी कोणाचीच सख्खी काकी नव्हती, पण ओट्यावर तिचा शब्द शेवटचा असे.

"काकी, दगड लावलेत ना दोन्ही चाकांना," तो म्हणाला.

"दगडाशी माझी ओळख नाही बाबा. मी ब्रेकला ओळखते."

"आजची एक खेप जाऊ द्या. उद्या तार टाकतो."

"उद्या टाकतो, उद्या टाकतो करत उन्हाळा गेला, पाऊस गेला. तुझी घरचीच बाई पडली म्हणून आम्ही तोंड आवरून आहोत. दुसरी कुणी पडली असती ना, तर नासका टोमॅटो काढतात तसा तुला उचलून बाजूला टाकला असता."

बायका हसल्या. त्याने रांगेत आपल्या बायकोकडे पाहिले. ती चुंबळीचा सुटलेला धागा आत खोचण्यात गढून गेली होती. ती हसली नव्हती, परंतु रांग सोडून पुढेही आली नव्हती.

शेडचा व्यवस्थापक हिशेबाची पाटी काखेत मारून आला. त्याने फळीकडे पाहिले, बायकांकडे पाहिले आणि गाडीवाल्याला बाजूला घेतले.

"माल नासतोय. परवा दुपारपर्यंत तुझी गाडी भरली पाहिजे. नाही भरली तर हंगाम संपेस्तोवर मी दुसरी गाडी लावतो. मग माझ्याकडे येऊन रडायचं नाही."

एवढ्या सगळ्यांच्या देखत त्याने फळी स्वतः उचलून ओट्यावर ठेवली आणि रिकामी गाडी घराकडे वळविली.

घरी अंगणात वहिनी खाटेवर बसली होती. घोट्यापर्यंतचे पांढरे प्लास्टर तिने उशीवर टेकविले होते.

"इतक्या लवकर आलात भावोजी? टोमॅटो संपले की काय जगातले?"

"तार टाकतोय," एवढेच म्हणून तो गाडीखाली शिरला.

तुटलेली तार काढता काढता त्याच्या हाताची सालटी निघाली. गंजाचे पोपडे डोळ्यांत पडत होते. तारेचे तुटके केस सुईसारखे बोटांत घुसत होते. वरचे कवच मधोमध फुटले होते, आणि त्या फटीतून कित्येक पावसाळ्यांचा चिखल आत जाऊन तार कुजली होती. ही एका दिवसाची मोड नव्हे, हे त्याला दिसत होते. तुटण्यापूर्वीही आपण दर खेपेला हँडब्रेकची लिव्हर ओढताना ती सैल लागते हे जाणत होतो, हेही त्याला आठवत होते.

दुपारी तो तारेचे तुकडे फडक्यात बांधून सुट्या भागांच्या दुकानात गेला. काउंटरवर चार गिऱ्हाइके आधीच उभी होती.

"हँडब्रेकची तार पाहिजे. मागची."

"मागचीच असते भाऊ, पुढच्या चाकाला हँडब्रेक लावलेला मी तरी पाहिला नाही," दुकानदार म्हणाला. "डावी की उजवी?"

त्याला सांगता येईना. जुनी तार ओढून काढण्याच्या घाईत त्याने बाजू लक्षात ठेवली नव्हती. त्याने फडके सोडले. दुकानदाराने दोन बोटांनी एक तुकडा उचलला.

"ही तार आहे का उंदराचं घरटं?"

शेजारचे गिऱ्हाईक खो खो हसले. दुकानदाराने मात्र हसता हसताच तुकडे जोडून पट्टीने मापले. "उजवी. ही लांब असते. डावी कशी आहे?"

"चांगली आहे."

"कुणी पाहिली?"

"मी."

"तुम्ही तर कुठली तुटली तेही पाहिलं नव्हतं," दुकानदार म्हणाला, आणि यावेळी तो हसला नाही.

गाडीवाल्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दोन्ही बाजूंच्या तारा घेऊन तो बाहेर पडला. वाटेत त्याच्या मनात एकच विचार घोळत होता, की हा परका मनुष्य, ज्याने मला कधी पाहिले नाही, तो मला इतका कसा ओळखतो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर काम सुरू झाले. या घरातल्या जॅकचे डोके केव्हाच फुटले होते आणि तो चाकांना जोडणाऱ्या अॅक्सलखाली नीट बसत नसे. त्यामुळे त्यांची जुनी रीत अशी, की जॅक चॅसीखाली, म्हणजे गाडीच्या सांगाड्याखाली लावायचा, गाडी उचलायची आणि शेडमधून आणलेले लाकडी ठोकळे चॅसीखालीच रचायचे. पंक्चर काढायचे असो की आणखी काही, गाडी अशीच टांगली जाई आणि मागची दोन्ही चाके हवेत लोंबकळत राहत.

"गाडीला झोका बांधलात भावोजी," वहिनी खाटेवरून म्हणाली. "आता अंगाई म्हणा."

चाकांतले ब्रेकचे ड्रम गंजाने धरून बसले होते. त्याने चोहोबाजूंनी हातोडीचे ठोके घातले, तेव्हा कुठे काळ्या भुकटीसह एकेक ड्रम सुटला. आतल्या स्प्रिंगने एकदा उसळी मारून त्याच्या अंगठ्याचे नख काळे केले. बायकोने पाण्याचा तांब्या आणून दिला, अंगठा पाहिला, आणि ती आत गेली. ती कालपासून त्याच्याशी कामापुरतेच बोलत होती.

नव्या तारेचे एक टोक ड्रममधल्या ब्रेक लायनरच्या आकड्यात अडकले, दुसरे गाडीखालच्या मधल्या पट्टीला जोडले गेले. मग ड्रम आणि चाके पुन्हा चढवून त्याने तार ताणण्याचा नट फिरवावयास घेतला. लिव्हर चार खटके ओढली की लोंबते चाक हाताने हलू नये, इतकी तार ताणावयाची असे त्याने ठरविले होते. त्याने ताणली. चाक दोन्ही हातांनी हिसडून पाहिले. हलले नाही.

अंगणापुढची वाट उताराची होती. ठोकळे काढून त्याने गाडी तेथे नेली, लिव्हर ओढली, गिअर काढला आणि पायाचा ब्रेक सोडला. गाडी ढिम्म उभी राहिली. दोन दिवसांत प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर हसू आले. खिडकीतून डोके बाहेर काढून तो म्हणाला, "अगं, बघ. उभी आहे."

बायको उंबऱ्यात उभी होती. "रिकामी आहे," ती म्हणाली.

"मग?"

"आम्ही रिकाम्या गाडीवर चढत नाही हो."

तिने पदर कमरेला खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि कुंपणाच्या पडक्या भिंतीचे दगड वाहावयास सुरुवात केली. तोही खाली उतरून उचलू लागला. तिच्या मानेच्या शिरा ताठ होत, पावले मात्र संथ पडत. ओट्यावर चालते तशीच ती अंगणात चालत होती. हौदा हळूहळू खाली बसला. दुपार टळली होती जेव्हा ती म्हणाली, "आता आमच्या खेपेइतकं झालं."

तो पुन्हा आत बसला. चार खटके. गिअर काढला. पाय उचलला.

गाडी क्षणभर थांबली. नंतर, कोणी मागून अलगद ढकलावी तशी, ती निघाली. त्याने पायाचा ब्रेक दाबला तेव्हा हौद्यातले दगड एकमेकांवर आपटून मोठा आवाज झाला. खाटेवर बसलेल्या वहिनीने प्लास्टरचा पाय दचकून पोटाशी ओढून घेतला. तिने थट्टा केली नाही. पाय पुन्हा उशीवर ठेवावयास तिला बराच वेळ लागला.

"त्यानं खोटी तार दिली," गाडीवाला उतरून म्हणाला. "आत्ता जातो आणि तोंडावर फेकतो त्याच्या."

"थांबा जरा." बायको वाकून गाडीखाली पाहत होती. "सकाळी चाकं खाली लोंबत होती. आता ती वर आलीत, हौदा त्यांच्यावर बसलाय. तुम्ही तार कधी ताणलीत?"

"सकाळी."

"म्हणजे झोक्यात." ती सरळ उभी राहिली. "डोक्यावर काही नसताना चुंबळ कितीही घट्ट वळा, ओझं आलं की ती बसते नि सैल पडते. म्हणून आम्ही ओझं घेऊन मग ती सारखी करतो. तुमच्या गाडीचं निराळं आहे का काही?"

तो खाली वाकला. सकाळी वीणेच्या तारेसारखी ताणलेली तार आता मधोमध पोक काढून लोंबत होती. इतकी वर्षे तो गाडी टांगून दुरुस्त करीत आला, आणि टांगलेली गाडी निराळी व भरलेली गाडी निराळी हे त्याच्या ध्यानात कधी आले नव्हते. संध्याकाळ होऊ लागली होती. "उद्या सकाळी," तो म्हणाला, आणि तो शब्द तोंडातून निघताच त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने गाडी सपाटीवर घेतली, सगळ्या चाकांना दगड लावले आणि लगेच पाना हातात घेतला.

"तू आत बस," तो बायकोला म्हणाला. "पायाचा ब्रेक दाबून धर. मी सांगितल्याशिवाय सोडू नकोस."

ती कधी त्या जागेवर बसली नव्हती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, एक पाय ताठ करून ती बसली. तो पाठीवर सरपटत गाडीखाली गेला. छातीवर चार बोटांच्या अंतरावर चॅसी होती, तिच्यावर दगडांनी भरलेला हौदा. चाकांना दगड लावले आहेत हे त्याला ठाऊक होते. तरी प्रत्येक वेळी पाना फिरविताना स्प्रिंगचे पाटे कुरकुरत, आणि तो पाना तसाच धरून थांबे.

"पाय थरथरतोय माझा," वरून तिचा आवाज आला.

"सोडू नकोस."

"नाही सोडत."

नट अर्धा फेरा फिरला. तिने लिव्हर ओढली, खटके मोजले, सोडली. पुन्हा अर्धा फेरा.

"अहो," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही फळीपाशीच होतात ना?"

"होतो."

"काही दिसलं नाही?"

पाना नटावरून निसटला आणि त्याची बोटे लोखंडावर आपटली. पाटे पुन्हा कुरकुरले. गाडीच्या पोटाखाली पडून, तिच्या पायावर आपला जीव ठेवून, तो म्हणाला, "नाही."

वर तिने पुन्हा लिव्हर ओढली. पाय मात्र तिने सोडला नाही.

उताराची परीक्षा झाली तेव्हा अंधार पडावयास थोडाच अवधी होता. सहा खटक्यांवर भरलेली गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. तिघांनीही ती पाहिली. वहिनीने खाटेवरून, ते दोघे वाटेच्या कडेला उभे राहून. दगड उतरविल्यावर त्याने लिव्हर सोडून रिकाम्या गाडीची चाकेही फिरवून पाहिली. ती अडत नव्हती. पण ती थांबलेली गाडी त्याच्या मनाला थांबवू शकली नाही. गाडी अजून सरकतेच आहे असे त्याला जेवताना वाटत होते, हात धुताना वाटत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी ओट्याला लागली. त्याने चाकांपुढे दगड ठेवले नाहीत. गिअर काढला, लिव्हर ओढली, किल्ली काढून काकीच्या हातात दिली. काकीने वाकून पुढच्या चाकाला अगदी टेकवून एक सुपारीएवढा खडा ठेवला.

"गाडी हलली तर हा चिरडेल," ती म्हणाली. "आता तू नालीत उतर."

"मी?"

"ज्याच्या गाडीवरून बाई पडते तो फळीखाली उभा राहतो. हौदा भरेपर्यंत. पडायचं झालं तर आमच्यातली त्याच्या अंगावर पडेल. ही रीत तू बघितली नसशील, कारण बरीच वर्षं कुणी पडलं नव्हतं."

व्यवस्थापक दारात उभा राहून घड्याळ पाहत होता. गाडीवाल्याने चपला काढल्या आणि तो नालीत उतरला. सडक्या टोमॅटोचा आंबूस चिखल त्याच्या पोटऱ्यांपर्यंत आला. मान वाकवून उभे राहिले की फळी केसांना लागत होती. डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, हौद्याचा पत्रा होता आणि त्यावर चार बोटे टेकलेले फळीचे टोक.

"पहिलं कोण?" काकीने विचारले.

"मी," त्याची बायको म्हणाली.

फळी वाकली. तिच्या टाचांचा भार त्याला डोक्यावरून जाताना कळला. क्रेट ठेवल्याचा आवाज झाला, आणि ती परतली. मग दुसरी, तिसरी. दर पावलाला फळीतून धुळीचे कण त्याच्या मानेवर पडत. तो पापणी मिटवीत नव्हता. पत्रा, टोक, पत्रा, टोक, एवढेच त्याचे जग उरले होते. हौदा भरू लागला. बायकांचा वेग वाढला, त्यांच्यात बोलणे सुरू झाले, कोणी तरी त्याला वरून विचारले, "खालची हवा कशी आहे?" आणि हशा पिकला.

निम्मा हौदा भरला होता, तेव्हा त्याला टोक मागे आलेले दिसले.

फार नाही, करंगळीएवढे. पत्र्यावर जिथे ते आधी टेकले होते तिथे कोरडी पट्टी होती, आणि आता ती पट्टी उघडी पडली होती. बहुधा भास असेल. बहुधा फळीच हलली असेल. आता थांबविले तर बायका पुन्हा कधी चढणार नाहीत, व्यवस्थापक दारातच उभा आहे, दुपार होत आली आहे, आणि आता थोडेच तर राहिले आहे. हे शब्द त्याच्या मनात उमटले आणि ते आपण त्या दिवशीही याच फळीपाशी मनाशी म्हटले होते हे त्याला कळले. फळीवर पाऊल पडले. ते त्याच्या बायकोचे होते.

"थांबा," तो म्हणाला. आवाज चिरकला म्हणून पुन्हा म्हणाला, "चढू नका. टोक सरकलंय."

बायको फळीच्या तोंडाशी क्रेट घेऊन तशीच उभी राहिली. व्यवस्थापक तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला. काकी ओट्यावरून उतरली, वळसा घालून गाडीपुढे गेली, गुडघे धरून खाली बसली. ती परत येईपर्यंतचा काळ त्याने चिखलात पायाची बोटे आवळून काढला.

"खडा आहे तसाच आहे," काकी म्हणाली. "गाडी तसूभर हलली नाही. वजनानं हौदा खाली बसलाय, फळी तिरकी झालीय, म्हणून टोक मागे आलं." तिने स्वतःच्या हाताने फळी चार बोटे पुढे सारली आणि वरून त्याच्याकडे पाहिले. "उगाच थांबवलंस."

"हो," तो म्हणाला.

"असाच थांबवत जा." ती बायकांकडे वळली. "चला गं, काय बघता?"

रांग हलली. परंतु त्याची बायको हलली नाही. क्रेट डोक्यावर तसाच धरून ती फळीवरून खाली पाहत होती. चुंबळीखालून घामाचा एक ओघळ तिच्या कानापर्यंत आला होता.

"एवढंसं सरकलं," ती हलक्या आवाजात म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या. "ते दिसलं तुम्हाला."

नालीतून वर पाहताना ऊन त्याच्या डोळ्यांत शिरत होते. तो खोटे बोलू शकला असता. काल बोलला होता.

"त्या दिवशीही दिसलं होतं," तो म्हणाला.

मागची बाई म्हणाली, "चल गं, मान मोडली माझी."

बायकोने क्रेटला एक हात लावून तो सारखा केला. तिचा चेहरा त्याला वाचता आला नाही. उन्हामुळे तो नुसता काळा दिसत होता. मग तिने पाऊल टाकले. फळी त्याच्या डोक्यावर वाकली, भरल्या ओझ्याने पुरती वाकली, आणि त्याने न कळत दोन्ही हात वर करून तिला खालून आधार दिला. तिची पावले त्याच्या तळव्यांवरून, एक एक करून, हौद्याकडे गेली.